मंदिराचा भोंगा आणि प्रेमलाबाईंची बेस गिटार

ज्या गुरुवारी भजनी मंडळानं प्रेमलाबाईंना शाल, श्रीफळ आणि अध्यक्षपद दिलं, त्या गुरुवारपासून बाईंचं घरात बूड टेकेना. सत्कार झाला की माणूस चार दिवस तरी फुगलेला असतो. ह्या बाई मात्र सकाळी माळ्यावरचे डबे खाली काढायच्या, दुपारी तेच डबे वर ठेवायच्या आणि संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन दारापासून गेटपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. त्यांचे यजमान वसंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. पेपरातून डोकं वर काढून ते म्हणाले, "अगं, बस की जरा. बघून बघून मला गरगरायला लागलं."

"बसायचंच काम दिलंय की मला," बाई म्हणाल्या. "अध्यक्षानं खुर्चीवर बसायचं. गायचं न्हाई, वाजवायचं न्हाई."

खरी गोम तिथं होती. नांदेडला तरोड्याच्या बाजूला त्यांची कॉलनी, कॉलनीत दत्ताचं मंदिर आणि मंदिरात दर गुरुवारी बायकांचं भजन. हे मंडळ बाईंनीच उभं केलेलं. पेटी त्यांची, चाली त्यांच्या, आवाज त्यांचा. ढोलकीवाला दर वेळी पैसे मागायचा म्हणून मंडळ पेटी आणि टाळांवरच चालायचं, पण चालायचं झोकात. बाई मूळच्या औशाच्या. गणिताच्या शिक्षिका म्हणून आधी किनवटच्या जंगलातल्या शाळेत, मग धर्माबादला, शेवटी नांदेडला. जिथं गेल्या तिथं पोरांना पाढे चालीवर शिकवले. एकोणतीसचा पाढा भूपाळीसारखा म्हणणारी त्यांची पोरं आज कुठं कुठं साहेब होऊन बसलीत.

आणि अशा बाईंच्या हातातली पेटी गोड बोलून काढून घेतली होती. नवी पेटीवाली उज्वला, बँकेत नोकरी करणारी, हसरी, हाताची तयार. तिनंच सत्काराचं भाषण केलं. "काकूंनी आता मार्गदर्शन करावं," असं म्हणाली. मार्गदर्शन करावं म्हणजे गप्प बसावं, हे कळायला गणित यावं लागत नाही.

वर्षभर बाई भजनात पुढे पळत होत्या. टाळ एका जागी आणि बाई दोन मात्रा पुढे. बायका एकमेकींकडे बघायच्या, पण तोंडावर कुणी बोललं नाही. वयानं मोठ्या, त्यात शिक्षिका. कोण बोलणार? घाई होते, लक्ष नसतं, असं बाहेर बोललं जायचं. खरं कारण फक्त वसंतरावांना आणि डॉक्टर लेनमधल्या कानाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे ठेवला तेव्हा बाईंनी तो स्वतःच वाचला. आलेख त्यांना कोण शिकवणार? डावीकडे जाडे, खालचे आवाज होते, तिथं रेघ सरळ. उजवीकडे बारीक, उंच आवाज होते, तिथं रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली.

म्हणजे फ्रिजची घरघर ऐकू यायची, पण कुकरची शिट्टी नाही. डाळ करपली की वासानं कळायचं. वसंतरावांचं घोरणं ऐकू यायचं (ते गेलं असतं तर बरं झालं असतं, असं बाई म्हणायच्या), पण टाळ? टाळ नुसता हलताना दिसायचा. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर त्यातून टाळ असा वाजायचा की पत्र्यावर कुणी भांडी फेकतंय. मशीन डबीत गेलं. मंडळात हे सांगायचं नाही, अशी त्यांनी वसंतरावांना शपथ घातली. लक्ष नाही म्हटलं तर चालेल, पण गाणाऱ्या बाईचे कान गेले म्हटलं तर उरलं काय?

अशात लातूरला भाचीचं लग्न निघालं. रिसेप्शनला ऑर्केस्ट्रा होता. गाणारी पोरगी तोंड उघडते, बंद करते, एवढंच बाईंना समजत होतं. कंटाळून त्या उठल्या आणि हॉलभर फिरू लागल्या. स्टेजच्या कडेला पोचल्या आणि पाय जागीच थांबले. त्या सगळ्या गलबल्यातून एक सूर नीट, अख्खा, काठासकट त्यांच्यापर्यंत आला. आधी छातीत आला, मग कानात. एक सूर, मग दुसरा, मग तिसरा, जणू कुणी सावकाश जिना उतरतंय. दीड वर्षानं बाईंना संगीत ऐकू आलं, आणि जरीच्या पदरानं त्यांनी डोळे पुसले. शेजारच्या विहीणबाईंना वाटलं, भाची सासरी चालली म्हणून.

वाजवणाऱ्याला त्यांनी जेवणाच्या रांगेत गाठलं. "ते चार जाड तारांचं काय होतं?"

"बेस गिटार, मावशी."

बास. बाईंचं ठरलं.

त्यानंतरचे दिवस वसंतरावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. बाई मोबाईलवर बेस गिटारी बघायच्या, एक पसंत करायच्या, भाजी चिरता चिरता ती नापसंत करायच्या. नांदेडच्या दुकानांत तबले होते, पेट्या होत्या, शाळेच्या बँडचे ढोल होते. बेस गिटार कुणाकडे नव्हती. एकानं नातवासाठी घ्या म्हणून लाल रंगाची खेळण्याएवढी गिटार पुढे केली. बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ती मुकाट्यानं परत टांगली.

"पण तू वाजवणार कुठं?" वसंतरावांनी विचारलं.

"मंडळात. खालचा सूर मी धरीन. मला तो ऐकू येतो आणि मंडळाकडं तो न्हाईच. मग कोण काढतंय मला, बघते."

हे त्या चालता चालता म्हणाल्या. वसंतराव उठले आणि पिशवी घेऊन आले. म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला जाऊ."

पैसे भिशीचे होते, अठरा हजार, तेवढ्यातच बसवायचं. गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत वीरेश नावाच्या माणसाचं वाद्यांचं दुकान. माणूस बोलका, उदगीरकडचा, मधूनच कानडीत स्वतःशी बोलायचा. त्यानं चार बेस भिंतीवरून काढून ठेवल्या. बाईंनी एकही नीट धरून बघितली नाही. त्या तार छेडायच्या आणि हनुवटी सरळ वाद्याच्या लाकडावर टेकवायच्या. डोळे मिटून उभ्या राहायच्या. सूर हाडातून आत यायचा. दुकानातली इतर गिऱ्हाइकं बघतच राहिली. वसंतरावांनी खिडकीबाहेर काही महत्त्वाचं चाललंय असा चेहरा केला.

तिसरी बेस सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत जड. तिची जाड तार छेडली तर बाईंचे दातसुद्धा शहारले. "ही," त्या म्हणाल्या.

"मावशी, ही लांब हाय. तुमचा हात पुरंल का शेवटच्या पट्टीला?" वीरेश म्हणाला. "आन् सगळे पैसे हिच्यातच गेले तर ॲम्प कशात घेताव? बेसला ॲम्प पाहिजे, आवाज बाहेर काढायचं खोकं. निदान सरावापुरता तरी. न्हाईतर ही नुसतं लाकूड हाय."

बाई वसंतरावांकडे वळल्या. वसंतराव आयुष्यभर सरकारी अंदाजपत्रकं करत आलेले. जिथं वाचवता येईल तिथं वाचवायचं, हे त्यांच्या रक्तात. ते खूश होऊन म्हणाले, "ॲम्प कशाला? मंदिरात मशीन हाय की. शंभर वॅटचं. अध्यक्ष म्हणून किल्ली हिच्याचकडं असती."

"स्पीकर केवढा हाय?" वीरेशनं विचारलं.

"लई मोठा. पार नाक्यापर्यंत ऐकू जातो."

एवढं मोठं मशीन असल्यावर वीरेश तरी काय बोलणार? त्यानं मान डोलावली. नाक्यापर्यंत ऐकू जाणारा स्पीकर म्हणजे मंदिराच्या शिखरावरचा भोंगा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आणि भोंग्यात काय वाजतं नि काय वाजत नाही, हे ह्या दोघांना ठाऊक नव्हतं. पहाटेची आरती त्यात वाजते, हरवलेल्या पाकिटाची सूचना वाजते, मग गिटार का नाही वाजणार? हिशोब वरवर बरोबरच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मंदिरात कुणी नाही असं बघून, बाईंनी कुलूप काढलं. दत्तजयंती दोन दिवसांवर आली होती. मंडप घातलेला, सतरंज्या पसरलेल्या. वसंतराव प्रसादाच्या साखरेचा भाव विचारायला गेले होते. बाईंनी बेसची वायर माइकच्या भोकात खुपसली, मशीन चालू केलं, लाल दिवा लागला. खुर्चीत बसून त्यांनी जाड तार छेडली.

काही नाही.

पुन्हा छेडली. काहीच नाही. हनुवटी टेकवली तर लाकडात सूर होता, पण बाहेर शुकशुकाट. बाईंनी बटण थोडं फिरवलं. आणखी थोडं फिरवलं. तारेवर बोट आपटून बघितलं. वैतागून बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि चारही तारांवर हात चालवला. फसवलं त्या वीरेशनं, असं मनात आलं. मग त्याहून वाईट मनात आलं, की कानात शिरणारे खालचे आवाजसुद्धा गेले, हाडातलं तेवढं उरलं. आलेखाची डावी बाजूही विहिरीत पडली. ह्या विचारानं त्या आणखी जोरानं वाजवत सुटल्या.

बाहेर काय चाललं होतं ते नंतर साऱ्या कॉलनीनं त्यांना सांगितलं. भोंगा जाडा सूर मुळातच बाहेर सोडत नाही. त्याच्या नरड्यातून येतो तो फक्त वरचा, बारीक, टणटणीत भाग. म्हणजे बाईंना जे ऐकू येत होतं ते भोंग्यानं गिळलं आणि जे ऐकू येत नव्हतं तेवढंच नाक्यापर्यंत फेकलं. लोखंडी बादलीत खिळे घालून कुणी हलवावेत तसा तो आवाज. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसणारी, कॉलनीतल्या होस्टेलची पोरं कानावर उशा धरून गॅलरीत आली. कुत्री भुंकू लागली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं वीजवाले थकबाकीची दवंडी पिटत आले. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध बाई घामाघूम होऊन म्हणत होत्या, "वाज ना, वाज ना गं बाई."

उज्वला त्या दिवशी रजेवर होती. दत्तजयंतीची तयारी म्हणून घरीच होती. ती धावत आली, पाठोपाठ चार-पाच जणी, मागून साखरेची पिशवी घेतलेले वसंतराव. ते दारातूनच दोन्ही हात हलवत होते. उज्वलानं जाऊन वायर उपटली. पण त्याआधीच वर शिखरावर काहीतरी फुटलं होतं आणि भोंगा गप्प झाला होता.

"काकू! काय करून राहिलात हे?" उज्वलाचा संयम सुटला. "दोन दिवसांवर उत्सव! साऱ्या गावाला ऐकू जाऊन राहिलंय, अन् तुम्ही वाढवतच चाललात? तुम्हाला ऐकू येईना का?"

तिनं ते रागानं विचारलं होतं, उत्तराची अपेक्षा नव्हती. वसंतराव पुढे झाले. "तसं न्हाई, काय झालं, मशीनमध्येच काहीतरी..." बायकोची शपथ पाळणारा माणूस. पण बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्या कधी नव्हे त्या स्थिर उभ्या होत्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "ऐकू येत न्हाई. दीड वर्ष झालं. टाळ ऐकू येत न्हाई, पेटीच्या वरच्या पट्ट्या ऐकू येत न्हाईत, तू गातीस त्यातलं निम्मं ऐकू येत न्हाई. म्हणून पळत होते मी. घाई नव्हती मला. पाठीमागं कुणी हाय का न्हाई, तेच कळत नव्हतं."

देगलूरकडच्या शिवम्मा, मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर, हातातला टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "मग आधी का न्हाई सांगितलीस, अम्मा?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं मला?" बाईंचा आवाज चढला. "पळते म्हणून एकीनं तरी म्हटलं का तोंडावर? हारतुरे घालून बाजूला बसवलं. मेलेल्या माणसाला घालतात तसे."

हे फार लागलं. उज्वला उपटलेली वायर गुंडाळत बसली. बाई बेस उचलून घरी निघून गेल्या आणि वसंतराव साखरेची पिशवी हातात तशीच धरून मागे मागे.

त्या वर्षीची दत्तजयंती भोंग्याशिवाय झाली. होस्टेलच्या पोरांनी म्हणे दत्ताला नारळ फोडला. बाई जन्माच्या वेळी मंडपाच्या बाहेरूनच फुलं टाकून लगेच परतल्या. घरात पुन्हा डबे खाली, डबे वर. जडशीळ बेस भिंतीला टेकून उभी. तिच्याकडं बघवेना आणि देऊन टाकवेना. नाकापेक्षा मोती जड झाला होता. भोंग्याचा जळलेला भाग भरून द्यायचा होता, तो भरून दिल्याशिवाय बाईंना मंदिराच्या पायरीवर पाय ठेववत नव्हता.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. एका सकाळी बेस गाठोड्यात बांधून त्या एकट्याच लातूरच्या गाडीत बसल्या. वसंतरावांना बरोबर नेलं नाही. वीरेशला सगळं खरं सांगितलं, कानांसकट. वीरेश ऐकता ऐकता डोक्याला हात लावून बसला. "भोंग्याला लावलीत? बेस? अय्यो, मावशी!" मग हसला, मग एकदम गंभीर झाला. ती जड बेस त्यानं थोडी काटछाट करून परत घेतली. "आता उलटं करू," तो म्हणाला. "आधी ॲम्प निवडा. उरलेल्यात गिटार."

ह्या वेळी बाईंनी वाद्याला हनुवटी लावली नाही. भिंतीकडे तोंड करून, दुकानाला पाठ करून त्या उभ्या राहिल्या. बघून फसायचं नाही. परीक्षेत पोरांना त्यांनी कधी इकडे तिकडे बघू दिलं नव्हतं, मग स्वतःला कसं बघू देतील? सूर आला की बोट वर करायचं, असं ठरलं. पहिला ॲम्प नवाकोरा, चकचकीत, हातात मावेल एवढा. वीरेशनं जाड तार छेडली, बाईंचं बोट खालीच. दुसऱ्याला बोट वर गेलं, पण त्या म्हणाल्या, "कुरकुरतोय. ह्याचं पोट बिघडलंय." तिसरा एका ऑर्केस्ट्रावाल्यानं विकलेला, पुढचं कापड फाटलेलं, एक बटण गायब, बुटका आणि रुंद. वीरेशनं तार छेडली. बाईंचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं. दुसरी तार, तिसरी, चौथी. बोट खाली येईना. त्या तशाच भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. वीरेशनं वाजवणं थांबवलं नाही.

बेस घेतली आखूड दांड्याची, वापरलेली, कुणीतरी मागे आपलं नाव खरवडलेली. हात शेवटच्या पट्टीपर्यंत आरामात पोचत होता. दोन्ही घेऊनही एवढे पैसे उरले की भोंगा दुरुस्त झाला आणि पेढेही आले.

मग सराव सुरू झाला. बाईंनी मोबाईल बाजूला ठेवला आणि स्वतःच्याच जुन्या चाली खालच्या सुरात बसवायला घेतल्या. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. वसंतराव घोरण्याऐवजी आता गुणगुणायला लागले होते. फार काही येत होतं असं नाही. चार-पाच चाली, त्याही सरळ. पण एका जागी तासभर बसलेली प्रेमला बघून वसंतरावांना बरं वाटायचं, बाई मात्र दर गुरुवारी गेटाकडं बघत राहायच्या. मंडळाकडून निरोप नव्हता. आपण बोललो ते त्यांना लागलं असणार. बोलवलं नाही तर? आणि बोलवलं ते दयेनं, आंधळ्याला रस्ता ओलांडून देतात तसं, तर मग काय करायचं?

पौषातल्या एका गुरुवारी उज्वला गेटात आली. आत आली नाही. "काकू, ते तुमचं घेऊन चला," एवढंच म्हणाली आणि वळली. ॲम्प वसंतरावांनी उचलला.

मंदिरात बायका बसल्या होत्या. खुर्ची नव्हती. पेटीच्या डाव्या हाताला सतरंजीवर जागा ठेवलेली होती. बाई बसल्या, बेस मांडीवर घेतली, वायर लावली. कुणी स्वागत केलं नाही, कुणी त्यांच्याकडे मुद्दाम हसून बघितलं नाही, आणि बाईंना आणखीच धास्ती वाटली. उज्वलानं भाता ओढला. चाल ओळखीची, त्यांचीच. पहिलं कडवं नीट गेलं. खालचा सूर सतरंजीतून सगळ्यांच्या मांड्यांना लागत होता, शिवम्मा चमकून खाली बघत होत्या. दुसऱ्या कडव्याला बाई खुलल्या. आपण वाजवतोय, आपल्याला ऐकू येतंय, आपण ह्यांच्यात बसलोय, ह्या आनंदात त्यांचा हात सुटला.

पेटी थांबली. टाळ थांबले. भर भजनात, सगळ्यांसमोर, उज्वलानं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"काकू, पळू नका!"

बाईंनी उज्वलाकडे बघितलं. ती खरोखरच चिडली होती, कपाळावर आठी होती. दीड वर्षात इतकं गोड त्यांना कुणी बोललं नव्हतं.

"कुठून पळाले?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीपासून. आम्ही आपल्या तुमच्या मागं धावून राहिलो. हा माझा गुडघा बघा, तुमच्या गुडघ्याला टेकवते. समेला टोचीन. टोचल्याशिवाय पुढं जायचं न्हाई."

"आन् गेले तर?"

"तर पुन्हा मारीन."

"मार," बाई म्हणाल्या, आणि मांडी घट्ट घालून बसल्या. "पुन्हा पहिल्यापासून घ्या."